परिशिष्ट सातमधल्या शेळ्या

५ मार्च

नमुना 'क' आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. सेहेचाळीस पानं. एवढ्यात माणसाचं अख्खं चरित्र बसेल आणि वर चार पानं कोरी उरतील.

पुढे कुणी विचारलं तर तारीखवार हाताशी असावं म्हणून आजपासून लिहून ठेवणार आहे. शिवाय कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला झोप लागणार नाही, आणि वही उलट बोलत नाही.

नवा कायदा आलाय. सरकारी विद्यापीठातली प्रत्येक पदवी आणि प्रत्येक प्रमाणपत्र मान्यता परिषदेकडून नव्याने मंजूर करून घ्यायचं. मुदत तीस एप्रिल. मान्यता नसेल तर अभ्यासक्रम बंद, आणि या वर्षी शिकणाऱ्यांना प्रमाणपत्रही नाही. माझा अभ्यासक्रम एक वर्षाचा, खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांचा. बारा विद्यार्थी. दोन महिन्यांत त्यांचं वर्ष संपतंय. कुणी नोकरी सोडून आलंय, कुणी तान्हं मूल सासूकडे ठेवून. यांना मी काय सांगू, वर्षभर हात हलवलेत, आता घरी जाऊन हलवा?

हेडक्लार्कने पशुपालन विभागाचा अर्ज काढून दिला. "मॅडम, हा पहिल्याच फेरीत पास झालाय. संगणकात घ्या, नावं बदला, पाठवून द्या."

"असं कसं? त्यांचा विषय वेगळा, आमचा वेगळा."

"सगळे असंच करतात. पशुपालनवाल्यांनी मत्स्यपालनावरून केला होता."

मी त्याला दोन शब्द सुनावले आणि पेनड्राइव्ह घेतला.

घरी आल्यावर ताईने दारातच विचारलं, मान्यता कधी? हल्ली रोज विचारते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही दोघीच असतो. आठवड्यातून दोनदा ती माझ्या वर्गाला शिकवायला येते, फुकट. माझ्या कामाची तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी. असं माणूस घरात आहे म्हणून माझं चाललंय.

८ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात ताईला घेऊन गेले. तिथे नियम असा की दुभाषी हवा तर मान्यताप्राप्त प्रमाणपत्रवाला, नाहीतर घरचं माणूस. मान्यताप्राप्त माणूस या शहरात एकही नाही, म्हणून जन्मभर मीच.

दीड तास रांग. बरं झालं लॅपटॉप नेला होता. सहावं परिशिष्ट संपवलं, सातवं काढलं, तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. झाकण मिटवलं आणि आत गेले. आल्यावर आठवं केलं. एकूण चांगलं काम उरकलं.

डॉक्टर पाच मिनिटं बोलत होते. काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलीय, गेली ती परत येणार नाही, थेंब चुकले तर उजवाही जाईल, पेशंटला याची पूर्ण कल्पना आहे ना? गेल्या जूनपासून हेच चाललंय. मी म्हटलं, हो, आहे. ताईला सांगितलं, डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब घालायचे.

ताई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

तिला सगळं नजरेनेच ऐकावं लागतं. तिला हे कसं सांगायचं? सांगून डोळे बरे होणार असते तर सांगितलंही असतं. काळजी करायला मी आहे की.

२६ मार्च

मान्यता आली! हेडक्लार्क स्वतः लिफाफा घेऊन वर आला. मी चहा मागवला. वर्गात आरडाओरडा झाला, म्हणजे आमच्याकडे होतो तसा, सगळ्यांचे हात हवेत. आमच्यात एक पूर्वाश्रमीची शिंपीण आहे, बोटं अशी चालतात की बघत राहावं. तिने ताईला मिठी मारली. ताईच्या डोळ्यांत पाणी.

मग मी पत्राचं दुसरं पान वाचलं.

'सदर मान्यता तत्त्वतः असून, परिशिष्ट सातनुसार प्रात्यक्षिकांसाठी किमान दोन जिवंत शेळ्या व सांडपाण्याची सोय असलेला गोठा उपलब्ध असल्याची खात्री समितीने प्रत्यक्ष भेटीत केल्यानंतर अंतिम होईल.'

तीनदा वाचलं. शेळ्या गेल्या नाहीत. चहा तसाच राहिला.

खाली जाऊन टंकलेखिकेला फैलावर घेतलं. माझं सातवं परिशिष्ट पुसून पशुपालनाचं जुनंच लावलं असणार तिने. ती म्हणते, "मॅडम, तुम्ही पाठवलं तेच मी छापलं." हेच ठरलेलं उत्तर. स्वतःची चूक म्हणून कबूल करायला कुणी तयार नाही. रडली शेवटी. रडून शेळ्या जातात होय?

२८ मार्च

परिषदेचं कार्यालय, चौथा मजला, लिफ्ट बंद. आमची फाइल बघणारा कक्ष अधिकारी गळ्यात दोरीचा चष्मा घालून बसतो आणि तो डोळ्यांवर घेतल्याशिवाय माणसाशी बोलत नाही.

"मॅडम, शेळ्या तुम्हीच लिहिल्यात. आम्ही कुठे मागितल्या?"

"चुकून राहिल्यात. खोडा."

"मंजूर झालेला मजकूर खोडता येत नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव द्या. नमुना घ. बैठक ऑक्टोबरमध्ये."

"आणि मुदत तीस एप्रिल."

"बरोबर."

"अहो साहेब, दुभाष्याला शेळी कशाला लागते?"

त्याने पान उलटलं. "तेही तुम्ही लिहिलंय की. अपेक्षित निष्पत्ती: 'विद्यार्थी जनावराच्या केवळ देहबोलीवरून त्याची अस्वस्थता ओळखू शकेल.' आम्हाला तर हे तुमच्या विषयाला धरून वाटलं. बैठकीत कौतुक झालं."

मी हात टेकले. "मग आता मी काय करू?"

"शेळ्या बांधा," तो म्हणाला आणि चष्मा उतरवला. म्हणजे बोलणं संपलं.

चार जिने उतरताना एकच डोक्यात होतं. सेहेचाळीस पानांत भाषेबद्दल, शिकवण्याबद्दल जे जे जीव तोडून लिहिलं होतं त्यातलं काहीच कुणी वाचलं नाही. वाचल्या त्या फक्त शेळ्या.

२ एप्रिल

पशुपालनाच्या विभागप्रमुखांनी दोन शेळ्या द्यायचं कबूल केलं. आधी पोट धरून हसले, मग 'संयुक्त वापराचा करार' करायला लावला, तीन प्रतींत. आमच्या इमारतीमागच्या सायकल स्टँडचा गोठा करायचा ठरलंय. सांडपाणी म्हणजे एक पन्हळ. विद्यार्थ्यांतला जुना बस कंडक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही काळजी करू नका, आम्ही खणतो." शिकायला आलेली माणसं पन्हळ खणताहेत, आणि परिषदेचं नाव शिक्षणाची गुणवत्ता राखणारी.

ताईवरही आज चिडले. तिने थेंब घालायचे सोडलेत. पंधरा दिवस झाले म्हणे. "डोळे कोरडे वाटत नाहीत, मग कशाला घालू?" मी म्हटलं, डॉक्टर सांगतात ते ऐकायचं. "डॉक्टर काय सांगतात?" असं विचारून माझ्याकडे बघत राहिली. या वयात लहान मुलासारखा हट्ट. मी बाटली तिच्या हातात कोंबली.

मला कधीकधी वाटतं, हिला खरं सांगावं. मग वाटतं, आत्ता नको. हे मान्यतेचं मार्गी लागू दे.

८ एप्रिल

उद्या परिषदेत सुनावणी, बरोबर अकराला. आणि ताईची तपासणीही अकराला. मी काही दोन ठिकाणी जाऊ शकत नाही. शिंपिणीला पाठवायचं ठरवलं. खिडकीवर भाची म्हणून सांग म्हटलं. आणि बजावलं, डॉक्टर काही लांबण लावतील, ताईला एवढंच सांग की सगळं ठीक आहे, थेंब चालू ठेवायचे.

ती म्हणाली, "पण बाई, नियम पहिला?"

नियम पहिला वर्षाच्या सुरुवातीला मीच फळ्यावर लिहिला होता. जे बोललं गेलं ते सगळं पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, कुणाचं काही गाळायचं नाही. मी म्हटलं, तो कामाच्या ठिकाणचा नियम. हे घरचं आहे. तिने मान हलवली. समजूतदार आहे.

९ एप्रिल

सुनावणी चार मिनिटं चालली. शेळ्यांच्या कानात क्रमांकाचे बिल्ले हवेत, एवढं कळण्यासाठी चार जिने.

शिंपिणीचा फोन: "झालं बाई. सगळं सांगितलं ताईंना." मी म्हटलं, शाब्बास.

१२ एप्रिल

एक तरी गोष्ट सरळ झाली. ताई न सांगता थेंब घालायला लागलीय, अगदी घड्याळ लावून. वेळ झाली की तिचा दिवा लुकलुकतो, ती उठते, घालते. ऐकलं शेवटी माझं.

मात्र बोलत नाही फारशी. परवा कशावरून तरी चिडले होते मी, ते मनात धरून बसली असेल.

१७ एप्रिल

ताईने नवीन खूळ काढलंय. स्वयंपाकघरातल्या डब्यांना दोरे बांधलेत. मिठाच्या डब्याला एक गाठ, साखरेच्याला दोन, चहाच्याला तीन. विचारलं तर म्हणते, सोय. डब्यावर नावं लिहिलेली असताना ही कसली सोय? सकाळी डोळे मिटून पलंगापासून न्हाणीपर्यंत पावलं मोजत गेली. अकरा, म्हणाली. मी म्हटलं, पडशील कुठेतरी. माझ्यामागे व्याप थोडे आहेत का?

१९ एप्रिल

आज वर्गात माझा पारा चढला. ताई विद्यार्थ्यांना शिकवत होती, पण भलतंच. जोड्या लावल्या होत्या, एकाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने त्याच्या तळहातावर खुणा करायच्या. कंडक्टर डोळे मिटून हात पसरून बसला होता आणि शिंपीण त्याच्या हातावर काहीतरी लिहीत होती. मी थांबवलं.

"हे आपल्या अभ्यासक्रमात नाही," मी ताईला सांगितलं. "समितीने विचारलं तर? मंजूर आहे तेवढंच शिकवायचं."

"शेळ्या मंजूर आहेत," ताई म्हणाली.

वर्ग हसला. मला नाही हसू आलं. मी तळहातांचं बंद करायला लावलं. शिंपीण माझ्याकडे अशी बघत राहिली की मला विचारावंसं वाटलं, तुझं काय बिनसलंय? पण शेळ्यांच्या बिल्ल्यांसाठी माणूस आला होता, खाली जावं लागलं.

२६ एप्रिल

समिती येऊन गेली. जसं झालं तसं लिहिते.

तिघेजण होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, सावकाश बोलणारे. दुसऱ्या बाई टिपणं घेणाऱ्या. तिसरा आमचा दोरीच्या चष्म्याचा कक्ष अधिकारी. आधी गोठा. त्याने शेळ्या मोजल्या. दोन. खूण केली. बिल्ले वाचले. पन्हळीत बादलीभर पाणी ओतून वाहतं का बघितलं. मग म्हणाला, निष्पत्ती दाखवा. कंडक्टर पुढे झाला, एका शेळीकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तिला तुम्ही इतक्या जवळ आलेलं आवडलेलं नाही." अध्यक्ष हसले. खूण झाली. मला वाटलं, सुटलो.

मग वर्गात आले. अध्यक्षांनी ताईला नमस्कार केला आणि शिंपिणीला दुभाषी म्हणून मध्ये बसवलं. त्यांनी विचारलं, "मला एक खरोखर कळत नाही. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी खुणा जाणणारं असतं. मग सरकारने मान्यता दिलेला परका माणूस कशाला हवा?"

शिंपिणीने प्रश्न पोचवला. ताई बोलायला लागली, आणि शिंपीण मोठ्याने सांगत गेली, शिकवल्यासारखं, 'मी' म्हणून.

"मला काचबिंदू आहे. डावा डोळा बराचसा गेला आहे. हे माझ्या घरच्या माणसाला दहा महिने माहीत होतं. मला याच महिन्याच्या नऊ तारखेला कळलं."

शिंपीण मध्येच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी... मी काय करत होते? मी मान हलवत होते. नको, नको, असं. बारा विद्यार्थ्यांच्या समोर, समितीच्या समोर, दुभाष्याला गाळायला सांगत होते.

तिने नजर वळवली आणि पुढे सांगितलं.

"मला सांगितलं होतं, डोळे कोरडे आहेत. मला कोरडे वाटत नव्हते म्हणून मी औषध बंद केलं. तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत किती नजर गेली ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्या माणसाने हे दुष्टपणाने केलं नाही. लहानपणापासून ती मला जग थोडं गाळून देते. मला राग येतो तेव्हा ती लोकांना सांगते, ताई थकलीय. लोक मला हसतात तेव्हा ती मला सांगते, ते हवापाण्याचं बोलताहेत. मला दिसतं. अजून दिसतं. म्हणून मला परका माणूस हवा."

अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं, "त्या आता कुठे असतात?"

शिंपिणीने तेही पोचवलं. ताई माझ्याकडे वळली.

"इथेच. माझी बहीण आहे. बहीण म्हणून फार चांगली आहे. दुभाषी म्हणून नापास."

मला आधी शिंपिणीचा राग आला, मग ताईचा. मग लाज वाटली, आणि ती काही केल्या जात नाही. दोरे, गाठी, अकरा पावलं, तळहात. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी रोज इथे लिहूनही ठेवलं. आज मागची पानं वाचली आणि मला स्वतःचंच अक्षर बघवेना.

३० एप्रिल

अंतिम मान्यता आली, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. बाराही जणांना प्रमाणपत्रं मिळणार. शेळ्या दरवर्षी लागतील. समितीची एक शिफारस आहे: तळहातावरच्या खुणा अभ्यासक्रमात घ्याव्यात, त्यासाठी नमुना घ भरावा. भरायला घेतलाय. कोरा. कुणावरूनही उतरवलेला नाही.

टंकलेखिकेकडे गेले. सातवं परिशिष्ट मीच दवाखान्यात अर्धं सोडलं होतं, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं मॅडम." मग मला खुर्ची दिली. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ताई आणि मी चार दिवस फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलतोय.

६ मे

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, दुभाषी कोण? ताईने शिंपिणीकडे बोट दाखवलं. शिंपिणीने प्रमाणपत्र काढलं, नवं कोरं. बाईंनी क्रमांक उतरवून घेतला आणि मला म्हणाल्या, "नातेवाइकांनी बाहेर थांबा."

बाहेर बाक होता. त्यावर बसले. या दाराच्या बाहेर मी कधी बसलेच नव्हते. आत वीस मिनिटं लागली. माझ्या वेळी पाचात उरकायचं.

ताई बाहेर आली. मी विचारलं, काय म्हणाले?

"थेंब चालू ठेवायचे."

"एवढंच?"

"एवढंच."

मी शिंपिणीला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "बाई, आतलं बाहेर सांगायचं नसतं. नियम चौथा." तोही मीच लिहिलेला. घरी येईपर्यंत मी ताईचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. काहीही कळलं नाही. असं दहा महिने तिने काढले.

चहा झाल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, मला तळहाताचं शिकव. तिने डोळे मिटले आणि हात पुढे केला.

"सांग," म्हणाली. "गेल्या जूनमध्ये डॉक्टर काय बोलले. पहिल्यापासून."

मला तळहातावर नीट येत नाही. तरी सुरुवात केली. काचबिंदू. डावा डोळा. कडेची नजर. परत येणार नाही. मध्ये एक वाक्य असं आलं की बोटं आपोआप पुढच्या वाक्यावर जायला लागली. मागे आणली. तेही सांगितलं: दोन्ही डोळे जाऊ शकतात. तिचा हात माझ्या हातात एकदा घट्ट झाला, पण तिने डोळे उघडले नाहीत. मी शेवटपर्यंत गेले.

मग तिने डोळे उघडले आणि माझ्या दोन चुका दाखवल्या.